उलटा टांगलेला समुद्र

देऊळगाव राजात कॉलेजला नाव घातलं तेव्हा मी आणि माय खोली शोधत फिरत होतो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे खोली भाड्याने घेताना काय विचारायचं असतं आणि काय सांगायचं असतं, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. आधीच्या दोन घरांत पहिला प्रश्न आडनावाचा आला होता, आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच दुसऱ्या कुणाला दिल्याचं त्यांना आठवलं होतं. तिसऱ्या घरी लुंगी आणि रंगांनी भरलेला बनियन घातलेले एक गृहस्थ दारात आले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुले काठी धरून न हालता उभं राहता येते काय?"

मी म्हणाले, "येत असेल."

त्यांनी लगेच माझ्या हातात एक बांबू दिला, डावा पाय स्टुलावर ठेवायला लावला आणि खांद्यावर पलंगाची चादर टाकली. मग आत जाऊन, माझ्याकडे बघत बघत, ते काहीतरी रंगवत बसले. डोक्यावरची पिशवी खाली ठेवायचं मायला सुचलंच नाही. ती दारातूनच म्हणाली, "हे काऊन हो भाऊ?"

"झेंडा हाये तो, ताई," आतून आवाज आला. "हा माणूस जहाजातून उतरून झेंडा रोवून राह्यला."

"कुठी?"

"बेटावर."

"बेट त्याचं हाये काय?"

"नाही."

"मंग?"

"मंग काय. आला अन् रोवला."

मायने थोडा विचार केला. "आमच्याकडं दुसऱ्याच्या वावरात खुटी ठोकली तं डोकी फुटतेत," ती म्हणाली.

ते ब्रश हातात घेऊनच बाहेर आले. मायकडे त्यांनी मोठ्या आदराने पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुमची खोली पक्की." भाडं किती, लाइटबिल कुणाचं, हे सगळं नंतर त्यांच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं. आडनाव या घरात विचारलं गेलं ते दिवाळीनंतर, पोस्टमन माझं पाकीट घेऊन आला तेव्हा.

गावात त्यांना सगळे पेंटर म्हणत. मी पेंटरकाका म्हणू लागले. ते मला 'कॉलेज' म्हणत. मी तिथे राहिले तेवढ्या काळात त्यांनी माझं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. "कॉलेज, नळ आले काय?" "कॉलेज, काकूले सांग मी जेवलो म्हणून." ते जेवलेले नसत, हे काकूंनाही माहीत असे.

आधी ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि पाट्या संपल्या. मग जालन्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांना वेगळं काम दिलं. परदेशातल्या जुन्या, नावाजलेल्या चित्रांची हाताने नक्कल करायची, कॅनव्हासवर, तेलरंगात. खरी चित्रं तिकडच्या संग्रहालयांत असतात. ज्यांना ती आपल्या हॉटेलात किंवा दिवाणखान्यात हवी असतात ते अशी नक्कल मागवतात. छापील चालत नाही, ब्रशचे फटकारे दिसायला पाहिजेत. आणि का कोण जाणे, या व्यापाऱ्याकडे मागणी यायची ती बहुतेक एकाच विषयाची. एक गोरा माणूस एका नव्या जागी पोचलेला आहे. कधी तो बेटावर उतरतो, कधी होडीतून नदीत शिरतो, कधी धबधब्यासमोर उभा राहून हात लांब करून दाखवतो.

त्या माणसांची नावं काकांनी कधी विचारली नाहीत. त्यांच्याकडे झेंडेवाला होता, दुर्बीणवाला होता आणि धबधब्यावाला होता. मी इतिहासाची विद्यार्थिनी, म्हणून एकदा पुस्तकातून एक नाव शोधून आणलं आणि भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, "नाव राहू दे कॉलेज. टोपी तं साऱ्यायची सारखीच हाये."

त्यांच्या कामाची पद्धत नीट सांगता येईल की नाही, मला शंका आहे. व्यापाऱ्याकडून चित्र काकूंच्या फोनवर यायचं. काकू झेरॉक्सच्या दुकानातून त्याचा मोठा रंगीत कागद काढून आणायच्या. काका त्या कागदावर पट्टीने चौकोन आखायचे, कॅनव्हासवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे, आणि मग दोन्ही उलटे टांगायचे. चित्रातलं आभाळ खाली आणि जमीन वर. मग एकेक चौकोन भरत जायचे.

"सरळ ठेवलं की मन गोष्टीत शिरते," ते म्हणायचे. "हा कोन, तो काऊन आला, त्याच्या मनात काय हाये. अन् मन गोष्टीत शिरलं की हात चुकते. उलटं ठेवलं की गोष्ट राहत नाही. निस्ता रंग राह्यते."

त्यामुळे आमच्या ओसरीत महिनोन् महिने समुद्र वरून टांगलेला असायचा आणि जहाजं पालथी पडलेली असायची. आल्यागेल्याची मान आपोआप वाकडी व्हायची. गॅस सिलेंडरवाला तर चित्र बघता बघता एकदा तुळशीच्या कुंडीवर जाऊन आदळला. सगळ्या घराला टर्पेंटाइनचा आणि जवसाच्या तेलाचा वास. टर्पेंटाइनने माझं डोकं दुखायचं, पण जवसाच्या वासाने घरची चटणी आठवायची, म्हणून मी अभ्यासाला ओसरीतच बसायचे.

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. लाट अडली की ते एसटीने खडकपूर्णा धरणावर जायचे, काठावर बसायचे आणि पाण्यात दगड मारायचे. दगड मारून पाणी हललं की डोळे बारीक करून बघायचे. मासे धरणारे त्यांच्यावर चिडत. आमची कॉलेजची सहल कोकणात गेली तेव्हा मी समुद्र पहिल्यांदा पाहिला. परत आले तर हे बसस्टँडवर हजर.

"कसा हाये? निळा हाये काय?"

मी खूप विचार करून म्हणाले, "मातकट होता काका."

त्यांना फार समाधान झालं. "म्हंजे धरणासारखाच," ते म्हणाले. घरी जाईपर्यंत त्यांनी दुसरं काही विचारलं नाही.

नमुन्याला उभं राहणं हे आमच्या गल्लीचं कर्तव्यच होतं. दूधवाला एकदा गुडघे टेकून, फरशीला कपाळ लावून बराच वेळ बसला होता, कारण चित्रातला खलाशी जमीन सापडली म्हणून वाळूचं चुंबन घेत होता. "पेंटर, दूध नासन बे," तो फरशीकडे तोंड करून म्हणत होता. काका म्हणाले, "त्याले समुद्रात किती दिवस गेले, तुले दूध पडलं."

पण ज्या गोष्टीमुळे त्यांना सगळं गाव ओळखायचं ती वेगळीच होती. या सगळ्या चित्रांत कोपऱ्यात काही माणसं असतात. तिथलीच माणसं, ज्यांच्या बेटावर जहाज आलेलं असतं. ती झाडाआड असतात, अंधारात असतात, कमरेत वाकलेली असतात. साहेबाच्या कोटाची बटणं मोजता येतील इतकी नीट काढलेली असतात आणि या माणसांच्या तोंडाला दोन ठिपके आणि एक रेघ. काकांना हे सहन व्हायचं नाही. पाट्यांच्या काळात ते माणसांचे चेहरेही रंगवत, आणि चेहरा ओळखू आला नाही तर गिऱ्हाईक पाटी परत द्यायचं.

"दोन ठिपके अन् एक रेघ," ते म्हणायचे. "हे काय तोंड झालं? यायले मायबाप नव्हते काय?"

म्हणून सगळे चौकोन भरून झाले की ते कॅनव्हास सरळ करायचे, कागद उलटाच राहू द्यायचे, आणि किनाऱ्यावरच्या माणसांना मनाने चेहरे द्यायचे. आमच्याच गावातल्या माणसांचे. कल्हईवाले चाचा, नर्सबाई, बालाजीच्या यात्रेत खेळणी विकणारा म्हातारा. सगळे बारीक, अंगठ्याच्या नखाएवढे, पण बरोब्बर. चित्र जायच्या आधी ते लोक येऊन आपापला चेहरा बघून जायचे आणि जाताना केळी ठेवून जायचे. आपण कुठल्या तरी दूरच्या हॉटेलात भिंतीवर आहोत, याचा त्यांना अभिमान होता. ज्यांच्यावर काकांचा राग असे ते मात्र किनाऱ्यावर नसत, होडीत असत. स्टँडवरच्या चहावाल्याने एकदा पाणचट चहा दिला तर काकांनी त्याला वल्ह्यावर बसवला. कॉलेजच्या पुस्तकात मला ते चित्र दिसलं तेव्हा मी आधी होडीत चहावाल्याला शोधलं. तिथे दुसराच कुणीतरी होता, आणि मला क्षणभर पुस्तकच चुकीचं वाटलं.

त्यांचा एक नियम होता. एकदा चेहरा दिला की तो पुसायचा नाही.

दुसऱ्या वर्षी कापसाच्या दिवसांत माय मला भेटायला आली. दुसरबीडजवळच्या आमच्या गावाहून निघाली ती वेचणीतूनच, डोक्यावर पिठाचं आणि डाळीचं गाठोडं, एक हात त्याला लावलेला. काका दारातच बसले होते. ओसरीत तेव्हा एक मोठं चित्र होतं, सगळे चौकोन भरलेलं. समुद्रात तीन जहाजं, पुढे झेंडेवाला, आणि उजव्या कोपऱ्यात बेटावरची माणसं. त्यांतली एक बाई डोक्यावर ओझं घेऊन उभी.

"ताई, तसंच राहा," काका ओरडलेच. "गाठोडं खाली नका ठेवू."

माय उन्हातून आली होती. काकूंनी तिला उभ्यानेच पाणी दिलं. काका कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर भराभर रेघा ओढत म्हणाले, "हे चित्र ज्या साहेबानं काढलं, त्यानं या बाईले दोन ठिपकेही नाही दिले, ताई. बाकीच्यायले निदान ठिपके दिले. हिले निस्ता काळा डाग. म्हणून हिले सगळ्यात चांगलं तोंड देतो."

"मले कोन पाह्यते तिथं," माय म्हणाली. पण तिने पदराने तोंड पुसून घेतलं.

संध्याकाळपर्यंत माय त्या बेटावर पोचली होती. कपाळावरचं गोंदण, उन्हाने बारीक झालेले डोळे, सगळं. ती सरळ बघत होती, जहाजाकडे नाही, चित्र बघणाऱ्याकडे. माय कितीतरी वेळ समोर उभी राहिली. आमच्या घरी तिचा फोटो एकच, आधारकार्डावरचा, आणि त्यात ती तिच्यासारखी दिसत नाही.

गावी जाऊन तिने सगळ्यांना सांगितलं. वावरातल्या बाया तिला फारेनवाली म्हणू लागल्या. फोन आला की माझ्या अभ्यासाच्या आधी प्रश्न यायचा, "निघाली काय वं मी?"

"अजून नाही माय. रंग वाळतोय."

पुढच्या आठवड्यात जालन्याहून व्यापारी आला. जाडजूड, हसरा माणूस. काका त्याला शेटजी म्हणत. त्या दिवशी तो हसत नव्हता. काकूंनी पाठवलेला फोटो गिऱ्हाइकाने मोठा करून पाहिला होता.

"पेंटरसाब, ये बाई कोन हाये?"

"बेटावरची हाये."

"पण हे पाहून राह्यली आपल्याकडं. पार्टी म्हणते, बाकीच्यायचं जाऊ द्या, त्यायले तोंडं होतीच. पण या बाईचं तोंड असली चित्रात नाहीच. आन मले म्हणते, तुमचा पेंटर मनानं काढते."

"त्या साहेबाले नसन दिसलं."

"ते मी त्यायले सांगू काय?" शेटजी खुर्चीत बसले. "जसंच्या तसं पाहिजे म्हणतेत. नाही तं माल वापस. अन् एकदा वापस आला की पुढचं कामही तुमच्याकडं नाही देता येत मले. आठ दिवस घ्या. बाईचं तोंड काढून टाका."

काका ब्रश फडक्याला पुसत राहिले. शेटजींनाच वाईट वाटलं असावं. वातावरण हलकं करायला ते म्हणाले, "एवढे लोक टाकले तुम्ही. मले कधी नाही टाकलं."

काकू चहा घेऊन येत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही तं मागच्या साली गेले."

"मी? कुठी?"

"जहाजावर. पिंपावर बसून."

शेटजींनी काकांकडे पाहिलं. काका भिंतीकडे पाहत होते.

"साहेबायच्या बाजूनं होतो का बेटाच्या?"

"साहेबायच्या," काका म्हणाले. "तुमच्या हातात वही होती."

शेटजींना यावर हसावं की रागवावं हे कळेना. शेवटी त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "पगडी चांगली दिली होती ना?" मग आठ दिवसांचं पुन्हा बजावून ते गेले.

पुढचे दिवस काका पॅलेट घेऊन बसायचे आणि रंग काढायचे नाहीत. धरणावर जाऊन आले, पण दगडही मारला नाही म्हणे. काकू म्हणाल्या, "अवो, काम गेलं तं तुम्ही काय करसान? आता पाट्याही कोणी रंगवत नाही." त्या बरोबर होत्या. मी दोन दिवस मनात वाक्य जुळवत होते. शेवटी जवळ जाऊन म्हणाले, "काका, पुसून टाका. माय काही म्हणणार नाही."

"नाही म्हणणार," ते म्हणाले. "मले माहीत हाये. म्हणूनच तं पुसता येऊन नाही राह्यलं."

त्याच संध्याकाळी मायचा फोन आला. "निघाली काय वं मी?" मी जे होतं ते सगळं सांगून टाकलं. माय म्हणाली, "त्यायचं काम नको बुडू दे. सांग भाऊले, पुसा म्हणा." आणि लगेच शेळीचं काहीतरी सांगू लागली.

हा निरोप मी काकांना दिला तेव्हा ते उठले. मला वाटलं, आता ब्रश घेतील. त्यांनी भिंतीवरचा झेरॉक्सचा कागद काढला आणि सरळ करून लावला. इतक्या दिवसांत मी तो कागद सरळ पाहिला नव्हता. त्यांनीही नसावा. मग भिंगातून ते उजव्या कोपऱ्याकडे बघत बसले. म्हणाले, "पाहू दे तरी, त्या साहेबानं हिच्यासंगं असं काऊन केलं."

बघता बघता ते एकदम मागे सरकले.

"अवं," त्यांनी काकूंना हाक मारली. "अवं, इकडं ये. हा अंबाडा हाये काय?"

काकू आल्या. मीही भिंगातून पाहिलं. तो काळा डाग चेहरा नव्हताच. मानेवर बसलेला केसांचा अंबाडा होता. खाली पाठ होती, पाठीवरून गेलेला कपड्याचा काठ होता. बाकी सगळे जहाजाकडे बघत होते आणि ती बाई जहाजाकडे पाठ करून चालली होती.

"साहेबानं पाठच काढली होती," काका म्हणाले. "मी उलटं पाह्यलं, अन् डोक्याच्या मागच्या बाजूले तोंड समजलो." आणि ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकू म्हणाल्या, "इतके साल उलटं टांगून टांगून हे व्हायचंच होतं."

पण मला एक शंका होतीच. मी विचारली, "म्हणजे आता मायला पुसणार?"

"पुसतो कायले? फिरवतो." ते पुन्हा गंभीर झाले. "बोलाव ताईले. पाठ मनानं काढता येत नाही."

माय रविवारी आली. कारण ऐकून म्हणाली, "पाठ दाखवाले इतक्या दूर बोलावलं काय हो भाऊ?" पण गाठोडं घेऊन उभी राहिली. मागच्या वेळी ती ताठ, गप्प होती. आता तोंड भिंतीकडे होतं, कुणी बघत नव्हतं, त्यामुळे ती सारखी बोलत होती. कापसाचं, शेळीचं, सरपंचाच्या नव्या गाडीचं. काका हो हो म्हणत रंगवत होते. चित्रातल्या तिच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला ते बघवलं नाही.

काकूंनी हाक मारली तेव्हा बाहेर आले. माय चित्रासमोर उभी होती. काका तिच्या मागे, दोन्ही हात लुंगीला पुसत. एवढी वर्षं लोकांना चेहरे दाखवणाऱ्या माणसाला बहुतेक पहिल्यांदाच कुणाला पाठ दाखवायची होती.

मायने बराच वेळ शोधलं. मग बोट न लावता दाखवलं.

"ही मी."

"कशावरून?" काकांनी विचारलं.

"डावा खांदा वर हाये. ओझं धरून धरून." ती आणखी जवळ गेली. "अन् ही चालली कुठी?"

"घरी."

मायने चित्रातलं आभाळ पाहिलं. तिथे ऊन उतरलेलं होतं. "बराबर हाये," ती म्हणाली. "दिवस बुडून राह्यला. हे माणसं पाहतीन जहाज. चुलीचं कोन पाहीन?"

काकांनी खाली बसकण मारली आणि काकूंना सांगितलं, "मी जेवतो आता." त्या दिवशी ते खरंच जेवले.

शेटजींनी फोटो पाठवला. गिऱ्हाइकाने उत्तर दिलं, आता बरोबर आहे, अगदी जसंच्या तसं. काम टिकलं. काका पुढेही कागद उलटाच टांगत राहिले, पण चेहरे द्यायच्या आधी एकदा तो सरळ करून भिंगातून बघू लागले. स्वतःला त्यांनी कधी कुठल्या चित्रात काढलं नाही. मी विचारलं होतं. म्हणाले, "मी कुठी उभा राहू, तेच समजत नाही."

आता मी एम.ए. साठी दुसऱ्या शहरात असते. वर्गात असं एखादं चित्र पडद्यावर येतं तेव्हा सर झेंडेवाल्याबद्दल बोलत असतात आणि माझे डोळे उजव्या कोपऱ्यात गेलेले असतात.

चित्र जालन्याच्या गाडीत चढलं त्या दिवशी मी मायला फोन केला होता. ती वावरात होती.

"माय, निघालीस तू आज."

"निघाली काय?" ती म्हणाली, आणि तिने तिथल्या बायांना ओरडून तेच सांगितलं. कुणीतरी काहीतरी बोललं, सगळ्या हसल्या. मग माय पुन्हा फोनवर आली.

"ह्या म्हणतेत, निस्ती पाठ पाहून त्या लोकायले काय समजन. तू शिकलेली हायेस, सांगून दे त्यायले. तोंड पाहायचं असन तं इकडं या म्हणा. चहा पाजू. झेंडा तेवढा घरी ठेवून या म्हणा."